दोन वेशींपलीकडचं पाणी

सिएना, सान मार्को रस्ता
९ ऑगस्ट

प्रिय ओर्नेल्ला,

विषय : झोपायच्या खोलीतील खिडकीची डावी झडप.

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की सदर झडप गेले पाच आठवडे बंद होत नाही. उजवी होते. उजवी सज्जन आहे. डावी मात्र बोटभर फट ठेवते, आणि त्या फटीतून ऑगस्टचा सूर्य भल्या पहाटे आत येऊन नेमका माझ्या डाव्या डोळ्यावर बसतो. उशी सरकवली, तर सूर्य सरकला. पलंग सरकवला, तर कंबर धरली. बिजागरीला तेल घातलं, शिव्या घातल्या, तुझ्या संत अँथनीची शपथही घातली. झडप ढिम्म. शेवटी नगरपालिकेला खरमरीत पत्र लिहायला बसलो आणि अर्ध्यावर लक्षात आलं, नगरपालिकेला या झडपेचा स्वभाव माहीत नाही. तो तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र तुला.

पत्र जिनेव्राच्या हाती देतो आहे. ती म्हणाली, "बाबा, आई इथून चालत पाच मिनिटांवर राहते. मी तुमची मुलगी आहे, कबूतर नाही." मी म्हटलं, कबुतराला पगार द्यावा लागतो. तिने पत्र घेतलं, पण चेहरा तुझ्यासारखा करून.

आता झडपेवरून सहज आठवलं म्हणून लिहितो. सतरा आळ्यांच्या या गावात तुला कासव आळीतच जन्माला यायची काय गरज होती? सोळा आळ्या मोकळ्या होत्या. आणि मला गोगलगाय आळीत. सृष्टीतले दोन सर्वांत संथ प्राणी, आणि त्यांचं शेकडो वर्षांचं वैर कशावरून, तर घोड्यांच्या शर्यतीवरून! परक्याला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता देईल. तरी आपण अठ्ठावीस वर्षं शिस्तीत वेडे राहिलो. जुलैची शर्यत आली की तू चार दिवस पिशवी घेऊन माहेरी, भावाकडे. ऑगस्टची आली की पुन्हा चार दिवस. त्या दिवसांत तू शत्रू, मी शत्रू. शर्यत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात, "भांडी घासलीस का?"

या जुलैत मी भांडी घासून ठेवली होती. तू आली नाहीस.

तू पिशवी भरताना मी दारात उभा होतो. रात्रीचे कपडे, सपाता, संताची तसबीर. मग खालचा खण उघडून आणखी एक गोष्ट घेतलीस. चार दिवसांसाठी ती कोणी नेत नाही. मी पाहिलं. पाहून पंख्याकडे बघत राहिलो. त्या गोष्टीबद्दल मी लिहिणार नाही.

आणि तो विनोद. लिव्हिया दोन महिन्यांची होत आली होती, जून लागला होता. तू जेवताना म्हणालीस, "नातीचा बाप्तिस्मा आमच्या आळीच्या कारंज्यावर करू या." म्हणजे पोर कायमची कासव; ज्या आळीचं पाणी कपाळाला लागेल, त्या आळीचं मूल. जिनेव्रा म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा, नाहीतर मी तिला पोहण्याच्या तलावात बुडवून आणीन." जावई बिचारा परगावचा, पिसा शहरातला, त्याला वाटतं, पाणी म्हणजे पाणी. मग मी म्हणालो, "कासवांना नातवंडं कशाला? ती स्वतःच दोनशे वर्षं जगतात." जावई हसला. विनोद वाईट नव्हता, हे मी अजूनही म्हणतो. पण तू चमचा खाली ठेवलास आणि शिळ्या पावाची कोशिंबीर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती खाल्ली. तोवर पाव फार भिजला होता.

जून गेला, तुमचा सण गेला, आमचा गेला, आणि पोर अजून कोरडीच आहे.

तेव्हा झडपेचं काय करायचं ते कळव. बाकी काही कळवायचं असल्यास तेही.

तुझा
दुच्चो

*

सान मार्को रस्ता
१२ ऑगस्ट, संध्याकाळ

प्रिय ओर्नेल्ला,

तू माझंच पत्र परत पाठवलंस आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंस, "झडप आधी वर उचलायची, मग ढकलायची. अठ्ठावीस वर्षं सांगते आहे. आणि तू माझ्या आळीत साधा पाहुणा म्हणून तरी कधी आला आहेस?"

झडप उचलली. उचलून ढकलली. आता ती अजिबात हलत नाही, ना उघडी ना बंद. पण तुझ्या दुसऱ्या वाक्याने माझी झोप जास्त मोडली. खरं आहे. लग्नाआधी तुला पोचवायला यायचो तो दोन वेशींच्या कमानीपर्यंत. पुढे तुमची हद्द. तू कमानीतून गेलीस की मी तिथेच उभा राहून तुझ्या टाचांचा आवाज ऐकायचो. लग्नानंतर तुझ्या भावाकडची जेवणं त्याच्या मळ्यावर, गावाबाहेर. तुझं घर, तुझा रस्ता मला फक्त शत्रूच्या तटबंदीसारखा माहीत आहे : कुठून हल्ला करायचा ते.

म्हणून आज मी आलो. पाहुणा म्हणून कोणी बोलावलं नव्हतं, तेव्हा प्रवासी म्हणून आलो. प्रवाशाला सिएनात सगळं माफ असतं. त्याला शत्रू नसतात, फक्त पायाला फोड असतात.

काम नीट करायचं ठरवलं होतं. प्रवासी वेशीबाहेरून येतो. मग मी सकाळी बसने स्टेशनवर गेलो, तिथे उतरलो, गवताची टोपी घातली, काळा चष्मा लावला, फुकटचा नकाशा घेतला आणि कामोल्लिया दरवाजातून गावात शिरलो. एकटा. आणि शिरताना मान वर केली, तर दरवाजावर अक्षरं कोरलेली : या दरवाजापेक्षाही मोठं मन सिएना तुझ्यासाठी उघडते. ओर्नेल्ला, हे वाक्य शाळेत आपल्याकडून घोकून घेतलं होतं. पण जागेवर उभं राहून मी ते आज पहिल्यांदा वाचलं. ते बाहेरच्या अंगाला आहे. आपण गावातलेच असलो की ते कायम पाठीमागे राहतं.

चौकात शर्यतीची पिवळी माती पसरून झाली आहे. लोक ती मुठीत घेऊन हुंगतात, मीही हुंगली. प्रवासी हुंगतात ना. मग कॉफी प्यायला बसलो. वेटर माझ्याशी इंग्रजीत बोलला. मला इतका आनंद झाला की मी मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं. बिल आल्यावर कळलं की या गावात परका असणं किती महाग आहे. नंतर तो कानाशी वाकून म्हणाला, "दुच्चोसाहेब, टोपी छान आहे. घरी सगळं ठीक?" म्हणजे तोही ओळखून होता. तरी बिल कमी केलं नाही.

मनोऱ्यावर चढलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एकट्याने मनोऱ्यावर चढू नये. गुडघ्यांमुळे नाही. वर पोचल्यावर मी म्हणालो, "हे बघ." म्हणालो आणि उजवीकडे वळलो, तर तिथे एक उंच डच बाई. तिने खरंच बघितलं, बिचारीने. एकट्या प्रवाशाची खरी पंचाईत ही. पोटापाण्याची सोय होते, झोपायची होते, पण 'हे बघ' कुठे ठेवायचं याची सोय नसते.

तिथून आपली कौलं दिसतात. तुमची दिसतात. एकाच भट्टीची, एकाच रंगाची. तुमची कुठे संपतात आणि आमची कुठे सुरू होतात ते मला, या गावात जन्मलेल्या माणसाला, नकाशा उघडून शोधावं लागलं. हे मी आमच्या आळीत कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

भर दुपारी दोन वेशींपाशी आलो. पाय सवयीने थांबले. मागून एक जपानी जोडपं आलं, माफ करा म्हणालं आणि सरळ आत गेलं. इतकं सोपं होतं ते.

तुमच्या रस्त्यावर सगळीकडे पिवळे-निळे झेंडे. मी जीव मुठीत धरून चाललो होतो, पण कोणी दगड मारला नाही. तुमच्या कारंज्यापाशी माणसांची ही गर्दी. उन्हाने सगळ्यांची जीभ बाहेर. कोणी बाटल्या भरतंय, कोणी ओंजळीने पितंय, एकाने तर टोपीच भरून डोक्यावर पालथी केली. ज्या पाण्याने तुमची पोरं कासवं होतात त्या पाण्याने तो टक्कल धूत होता आणि कोणाला काही वाटत नव्हतं. माझा घसा वाळून चामडं झाला होता. मी सावलीत उभा राहून नकाशा वाचत होतो.

समोरच्या दारात खुर्ची टाकून एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मला जरा वेळ न्याहाळलं आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे ए गोगलगायी!"

मी नकाशात अजून खोल गेलो.

"तुलाच म्हणते आहे, टोपीवाल्या. नकाशा उलटा धरला आहेस."

"मी... प्रवासी आहे, बाई."

"हो का? मग पाणी का पीत नाहीस? एवढ्या उन्हात घामाने निथळतोस, चार हातांवर फुकटचं थंड पाणी आहे, आणि तू भिंतीला चिकटला आहेस. हे पाणी न पिणारा माणूस जगात एकाच आळीत पैदा होतो." मग तिने डोळे बारीक केले. "थांब. तू ओर्नेल्लाचा नवरा ना रे? वर्तमानपत्रात वाकडं लिहिणारा?"

मी टोपी काढली. आता काय उरलं होतं?

"आर्जिया माझं नाव. तुझी बायको या गुडघ्याएवढी होती तेव्हापासून मी तिला ओळखते. चोरून आलास?"

"बघायला आलो, आर्जियाआजी."

"काय बघायला?"

मी नकाशाची घडी घालू लागलो. वर्तमानपत्रात वाकडं लिहिणाऱ्याला ती सरळ घालता आली नाही, हे नोंदवून ठेव, पुन्हा होणार नाही. तिने शेंगांची परात खाली ठेवली, आत गेली आणि काचेचा पेला भरून आणला. "घे. घरातल्या नळाचं आहे. नगरपालिकेचं. तुझा धर्म बुडायचा नाही. तसंही बुडवण्यात तुम्ही पटाईत. संत अँथनीची मूर्ती विहिरीत कोणी टाकली होती? आमच्या संताची? शर्यत हरलात म्हणून!"

"ते आमचे पूर्वज होते, आजी."

"पूर्वजांचंच नाक आहे तुला. पी."

मी एका दमात प्यालो. ती माझ्याकडे बघत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याचा रुमाल मी शिवला होता. पिवळा-निळा, एवढासा. कडेला हाताने टाके घातले होते. त्या वर्षी माझे डोळे चांगले होते."

ओर्नेल्ला, खालच्या खणातल्या गोष्टीबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो. ती भरसकाळच्या उन्हासारखी फटीतून येतेच आहे, तर लिहितो. ठरलं होतं आपलं. जिनेव्रा पोटात असताना, याच टेबलावर : पहिलं मूल गोगलगाय, दुसरं कासव. पहिली झाली, आमच्या कारंज्यावर तू स्वतः तिला दोन्ही हातांनी धरलंस, शत्रूच्या झेंड्यांत उभी राहून, आणि तुझ्या तोंडावर एक रेघ हलली नाही. दुसरं चार महिने पोटात राहिलं आणि गेलं. त्यानंतर आपण दोघांनी त्या ठरावाबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, न बोलणं हाच माझा मोठेपणा. रुमाल तू कुठे ठेवलास ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. सव्वीस वर्षं मी तो खण उघडलेला नाही. त्यात माझे लोकरी मोजे आहेत. मी हिवाळ्यात सुती घालतो.

मी आर्जियाआजीला काही म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून तू आलीस. लिव्हियाची बाबागाडी ढकलत.

मी टोपी डोक्यावर आपटली आणि डच की जर्मन, कुठल्याशा घोळक्याच्या मागे शिरलो. हातात पेला तसाच. आर्जियाआजी शेंगा सोलू लागली आणि मान खाली घालून खांदे हलवत राहिली, हसत असावी.

लिव्हिया लाल झाली होती उन्हाने. किरकिरत होती. तू कारंज्याशी आलीस, वाकलीस, हात धारेखाली धरलास. तुझा हात ओला झाला. बाळाच्या कपाळापासून तो वीतभर अंतरावर होता. आजूबाजूला परकी माणसं, कोणाला काय कळणार? कोणाच्या बापाचं काय जात होतं?

तू हात मागे घेतलास. झग्याला पुसलास, पुढून, मागून, बोटांच्या मधूनही. मग पिशवीतून कोरडा रुमाल काढून तिचं कपाळ टिपलंस आणि म्हणालीस, "गरम होतंय ना गं, राणी? थांब, घरी जाऊन देते. हे पाणी नाही. हे आजोबांना विचारून."

मला विचारून! पाच आठवडे माझ्याशी एक शब्द न बोललेली बाई.

तू गाडी वळवलीस आणि गेलीस. तेच टाचांचे आवाज. मी कमानीच्या तुमच्या बाजूने ते पहिल्यांदा ऐकले. तिकडून ते लांब जात नाहीत, घरी पोचतात.

मी पळून आलो. थेट कमानीतून, आपल्या रस्त्याने, टोपी हातात घेऊन. घरी येऊन टेबलावर ठेवायला गेलो तर हातात टोपी नव्हती, आर्जियाआजीचा पेला होता. टोपी कुठे पडली कोण जाणे.

तेव्हा विचारलंस म्हणून सांगतो, ओर्नेल्ला. हो. लिव्हिया तुमची. पुढच्या जूनमध्ये, तुमच्या सणाला, तुमच्या कारंज्यावर. ठरल्याप्रमाणे दुसरं तुमचं. यायला जरा उशीर झाला, एवढंच. आणि कासवांच्या घरी उशिराचं कौतुक कोणाला?

उद्या चौकात आळ्यांना घोडे वाटून देतील, म्हणजे उद्यापासून तू पुन्हा शत्रू. माहेरीच आहेस, पिशवी भरायचा त्रास नाही. पण सतरा तारखेला सकाळी मी भांडी घासून ठेवीन. एवढंच कळवायचं होतं.

दुच्चो

ता. क. झडप अजून अर्ध्यावर अडकलेली आहे.

*

स्वयंपाकघर
१७ ऑगस्ट, सकाळ

प्रिय ओर्नेल्ला,

या पत्राला कबूतर लागणार नाही. तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस आणि तुझं घोरणं इथवर ऐकू येतं आहे. तोंडाने सांगायला गेलो असतो तर मी त्याचा विनोद केला असता. म्हणून लिहितो.

काल आम्ही हरलो. पण तुम्हीही हरलात, म्हणून आमच्याकडे कोणी उपाशी झोपलं नाही. तुमच्याकडेही तसंच झालं असणार.

परवाच्या रात्री रस्त्यावर आळीचं जेवण होतं, तुला माहीतच आहे ती लांबच लांब टेबलं. मी आमच्या प्रमुखाशेजारी, उबाल्दोशेजारी बसलो आणि त्याचा पेला भरून म्हणालो, "पुढच्या जूनच्या बाप्तिस्म्यात लिव्हियाला धरू नकोस."

"आजारी आहे का पोर?"

"नाही. कासव आहे."

त्याचा काटा हवेत राहिला. "दुच्चो, आपल्या पूर्वजांनी त्यांच्या संताला विहिरीत टाकलं, आणि तू नात नेऊन त्याच्या पायाशी घालतोस?"

"विहिरीत टाकणारे होते, तसा कोणीतरी दोर सोडणाराही असेल की. मी त्याच्या वंशातला."

"सरळ सांग, बायकोला घाबरतोस."

"घाबरतो. तू नाही घाबरत?"

त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्याच्या बायकोकडे बघितलं आणि उसासा टाकला. "माझी आपल्याच आळीतली आहे रे. मला वर्षातून चार दिवसांचीही सुटका नाही." मग घोट घेऊन म्हणाला, "बरं. निदान शत्रू म्हणून तरी तिला चांगली वाढव. दुबळा शत्रू आपल्याला शोभत नाही." आणि त्याच्या ताटातला भाजलेल्या मांसाचा बरा तुकडा त्याने माझ्या ताटात टाकला.

आज सकाळी तू आलीस. "भांडी घासलीस का?" म्हणालीस. मग आत गेलीस, झडप जराशी वर उचललीस, एका बोटाने ढकललीस आणि ती लोण्यासारखी बंद झाली. एका बोटाने! मी समोर उभा होतो. अजून मला कळलेलं नाही. पिशवी रिकामी करून तू आडवी झालीस आणि डोळे मिटून म्हणालीस, "टोपी आर्जियाबाईंकडे आहे. शेंगा ठेवल्यात त्यांनी तिच्यात." म्हणजे तुला त्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.

तुला गाढ झोप लागल्यावर मी खालचा खण उघडला. रुमाल तू पुन्हा जागच्या जागी ठेवला होतास, मोज्यांच्या शेजारी. खण बंद केला.

मग पेला पदरात लपवावा तसा कोटाच्या आत घेतला आणि बाहेर पडलो. टोपी नाही, चष्मा नाही, नकाशा नाही. गळ्यात आमच्या आळीचा रुमाल होता; काढायचा विसरलो असं म्हणणार होतो, पण विसरलो नव्हतो. दोन वेशींपाशी पाय थांबले नाहीत. तुमचा रस्ता झोपलेला होता, हरलेल्या गावासारखा. आर्जियाआजी तेवढी दारात, खुर्चीत.

"आलास? पेला लांबवलास तेव्हाच म्हटलं, परत करायला येईल. निदान ओर्नेल्लाने तेवढं तरी शिकवलं असेल."

"धुऊन आणलाय."

"मग दे."

मी दिला नाही. कारंज्यापाशी गेलो, पेला धारेखाली धरला, काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर, माझ्या लाल-पिवळ्या रुमालासकट, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. थंड होतं. दातांना लागलं.

आर्जियाआजीने शेंग सोलायची थांबवली. "कसं लागलं?"

"पाण्यासारखं."

"मग एवढी वर्षं काय वाटत होतं तुला?"

मी पेला झटकला, तिच्या खिडकीच्या कठड्यावर पालथा ठेवला आणि टोपी न मागता घरी आलो. शेंगा अजून सोलून व्हायच्या होत्या.